मिरज ते मीरा रोड, व्हाया श्टुटगार्ट

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फ्लेक्स लागला. वर ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’, मधोमध भाड्याच्या कोटातला आमच्या वर्गाचा टॉपर आणि त्याच्या पाठीमागे आयफेल टॉवर. टॉपर चालला होता जर्मनीला. पण फ्लेक्सवाल्याकडे परदेशाचं चित्र एकच होतं. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, डावीकडून नववा, टिकलीएवढ्या गोलात मी. इंटर्नशिप मलाही त्याच आठवड्यात मिळाली होती. त्याला श्टुटगार्ट, मला मीरा रोड. माझा फ्लेक्स कुणी लावला नाही, आणि लावला असता तर मागे चित्र कशाचं घालायचं, हा प्रश्न होताच.

मावशीला फोनवर ‘मिरज रोड’ ऐकू आलं. “मग काय, रोज घरनं डबा घेऊन जाईल की,” ती आईला म्हणाली. आजीला मात्र गावाचं नाव पसंत पडलं. मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा, त्यामुळे तिचा हिशेब लगेच जुळला. “आपल्या मीरासाहेबांच्याच नावाचं गाव हाय न्हवं? मग कशाला काळजी करायलाय?”

काळजी मी करतच नव्हतो. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. अशा गावच्या पोरानं रेल्वेला भ्यायचं नसतं, या समजुतीवर मी महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढलो. सकाळी दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या पुलाकडे वळलो आणि ती समजूत जिन्यातच कुठेतरी पडली. अजून सापडलेली नाही.

कंपनीच्या पत्रात ‘मुंबई’ असं लिहिलं होतं. कंपनी अंधेरीत. स्टायपेंड असा की त्यात अंधेरीत जिन्याचा एखादा कठडा मिळाला असता, तोही उभं राहून झोपायच्या बोलीवर. म्हणून सगळे जातात तिथे मी गेलो. दहिसरचा चेक नाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. मीरा-भाईंदरला २००२ पासून स्वतःची महानगरपालिका आहे, २०११ च्या जनगणनेतच इथे आठ लाखांवर माणसं मोजली गेली, पण गावाकडे फोन लागला की इथला माणूस “मुंबईतनं बोलतोय” असंच म्हणतो. मीही म्हणायचो. आईला खरं सांगून तिचं काय भलं होणार होतं?

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. ही माहिती टॉपरनं मला विमानतळावरून दिली. टॉपर लोकांना असल्या गोष्टी वेळेवर सुचतात. म्हणजे तो चालला होता मुंबईच्या बहिणीकडे. मग मीरा रोड मुंबईची कोण? माझ्या मते, लग्नघरात कामाला आठ दिवस आधी बोलावतात आणि फोटोच्या वेळी विसरतात, ती चुलत-चुलत आत्या. लग्नाची भांडीसुद्धा तिच्याकडचीच. भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने सगळीकडे ठाऊक आहेत.

तरीही मी परदेशातच होतो आणि त्याला पुरावा आहे. रिक्षावाल्याला सांगायची ठिकाणं ऐका: बेव्हर्ली पार्क, सिल्व्हर पार्क, गोल्डन नेस्ट. आईला फोनवर मी ही नावं सावकाश, सुटी सुटी करून सांगायचो. ती लगेच शेजारी पोचवायची, “आमचा बी बेव्हर्लीतनंच जातोय ऑफिसला.” पेणकरपाडा, नवघर, गोडदेव ही इथली मूळ नावं मी घरी कधी सांगितली नाहीत. ती मिरजेत कुणालाही परकी वाटली नसती.

खोली मिळाली शांतीनगरमध्ये, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. वन बीएचके, भाडेकरू पाच. एजंटनं डिपॉझिट, दलाली आणि पोलीस व्हेरिफिकेशन समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “आता फक्त सोसायटीचे सेक्रेटरी.” ते ‘फक्त’ त्यानं ज्या आवाजात उच्चारलं त्यावरून मी काय ते ओळखलं.

“बॅचलर?” सेक्रेटरींनी विचारलं. याच सुरात डॉक्टर “घरात कुणाला टीबी?” विचारतात.

“हो.”

“गाव?”

“मिरज.”

“सतारवाले मिरज?”

“हो, पण...”

“रात्री दहानंतर बंद.”

“काका, मला सतार येत नाही.”

“सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात.”

आणि अकरा महिन्यांच्या करारात, नॉनव्हेज, पार्ट्या आणि पाहुणे यांच्या खाली, स्वतंत्र ओळीत सतार आली. मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला कलावंत समजलं होतं.

आमच्या खोलीत नावं नव्हती, गावं होती. नांदेड सीएची आर्टिकलशिप करत होता. धुळे औषधांच्या कंपनीत होता. रतलाम काय करायचा ते त्यालाही महिनाअखेरीलाच कळायचं. आणि आझमगड ज्युनिअर आर्टिस्ट होता. मीरा रोडला दर तिसऱ्या इमारतीत एक तरी स्ट्रगलर राहतो, कारण शूटिंगची ठिकाणं जवळ आणि भाडी त्यातल्या त्यात बरी. आमच्या आझमगडची खासियत प्रेत. क्राइमच्या मालिकांमध्ये तो तोपर्यंत चार वेळा मेला होता आणि पाचव्याची तालीम रात्री अकरानंतर एकुलत्या गादीवर चालायची. “श्वास दिखा क्या?” तो एक डोळा उघडून विचारायचा. आम्ही प्रामाणिकपणे “दिखा” म्हणायचो. १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या बाबासाहेबांना वसतिगृहात नवल भथेनांसारखे सोबती मिळाले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. माझा सोबती रोज रात्री मरत होता.

पाणी पहाटे यायचं आणि आम्ही उठेपर्यंत जायचं. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या मिरजेनं रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला कृष्णेचं पाणी पाठवलं होतं. पहिल्याच फेरीत पाच लाख लिटर. त्या मिरजेचा मी, एक बादली दोन्ही पायांत धरून, “आज माझी पाळी आहे” म्हणून नांदेडशी भांडत होतो. नांदेड म्हणाला, “आमच्या बाजूच्या जिल्ह्याला पाजलं त्याचे उपकार काढू नको.”

आता लोकल.

नव्या शहरात माणूस पहिल्यांदा “नाव काय?” असं विचारतो, अशी माझी कल्पना होती. लोकलमध्ये पहिला प्रश्न असतो “कुठे उतरणार?” आणि त्यात आपल्याबद्दलचं कुतूहल नसतं, आपल्या सीटबद्दलचं असतं. मला तर सुरुवातीला तेही कुणी विचारलं नाही, कारण मी चढूच शकत नव्हतो. पहिल्या दिवशी तीन गाड्या सोडल्या. चौथीत मी चढलो म्हणता येणार नाही. फलाटावरून मी नाहीसा झालो आणि डब्यात आढळलो, एवढंच. अंधेरी आली तेव्हा माझा चेहरा दाराकडे होता, पाय बोरिवलीच्या वेळेपासून बेपत्ता होते आणि बॅग कुणाच्या तरी खांद्याला होती. अंधेरीतला माझा नोकरीचा पहिला दिवस वांद्र्याला सुरू झाला.

संध्याकाळी धुळ्यानं उपाय सांगितला. “येडा आहेस का? उलट जा.” चर्चगेटच्या दिशेनं जायचं तर आधी मीरा रोडहून भाईंदरला जायचं, तिथे जी गाडी सुटते तिच्यात ती रिकामी असतानाच बसायचं आणि पुन्हा आपल्याच स्टेशनावरून, फलाटावरच्या माणसांकडे न बघता, पुढे जायचं. आदल्या दिवशी मी त्या फलाटावर होतो. न बघणं फार अवघड नाही, हे मला एका दिवसात समजलं.

खिडकीची जागा पटकावून मी फुशारून बसलो होतो. भोवती चार-पाच माणसं जमली. कुणी काही बोलेना. नुसतं बघत राहिली, देवाच्या जागी चप्पल दिसावी तसं. शेवटी एकानं विचारलं, “नवीन?”

“हो.”

“ही सीट कोर्टकाकांची. अकरा वर्षं.”

कोर्टकाका मागेच उभे होते. शांत. हातात डब्याची पिशवी. त्यांनी मला उठवलं नाही, पण ते ज्या तऱ्हेनं उभे राहिले तसा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला तर न्यायाधीश आपणहून खुर्ची सोडेल. मी उठलो. त्यांनी बसून चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता निकाल दिला, “दोन सीटांच्या मधे उभा राहा. अंधेरीला तिथून बरं पडतं.”

अशी मला शहरात पहिली जागा मिळाली, दीड वीत लांब, एक वीत रुंद. पुढच्या महिन्याभरात मला बढत्याही मिळाल्या. आधी बॅगा वर रॅकवर सरकवायचं काम, कारण मी उंच. मग चौथी सीट. तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो ती चौथी सीट. तिच्यावर माणूस अर्धा बसतो, उरलेला अर्धा रस्त्यात लोंबतो. तरी त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, “बसायला मिळालं.” आई म्हणाली, “इतके दिवस ऑफिसात उभंच करायलेत व्हय रं तुला?”

ग्रुपमध्ये कोर्टकाका, हिऱ्याच्या बाजारातले डायमंडभाई, एक बँक, एक मंत्रालय आणि एक मुका वाटणारा माणूस होता, जो फक्त पत्त्यांच्या डावात बोलायचा. दोन महिन्यांत माझं नाव कुणी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं. स्टायपेंड, सीजीपीए, आईचे गुडघे, बाबांची पेन्शन, रास. कांदिवली ते जोगेश्वरी या टप्प्यात डायमंडभाईंनी माझं प्रेझेंटेशन तपासलं आणि सतराव्या स्लाइडवर म्हणाले, “आमच्यात एवढा वेळ लावला तर गिऱ्हाईक हिरा ठेवून निघून जाईल.” दहा स्लाइड काढल्या. कंपनीत माझ्यासाठी नेमलेला मेंटॉर मला सहा महिन्यांत तीनदा भेटला, त्यातला एकदा लिफ्टमध्ये, आणि तेव्हा तो फोनवर होता.

रविवारी रात्री टॉपरचा फोन यायचा. आमच्याकडे साडेनऊ, त्याच्याकडे सहा.

“भावा, सोशल लाइफ कसं चाललंय?” तो विचारायचा.

“एकानं आज माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली. कोण होता माहीत नाही. तुझं?”

“परवा लिफ्टमधला एक ‘हालो’ म्हणाला.”

त्याच्या तिकडची माणसं वाईट मुळीच नव्हती, पण भेटायचं तर आधी तारीख ठरायची, आणि ती पुढल्या महिन्यातली असायची. रविवारी दुकानं बंद. रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. ती शांतता फोनमधून इकडे ऐकू यायची. इकडून तिकडे काय ऐकू जात असेल? पलीकडच्या विंगमधला प्रेशर कुकर, खालच्या मजल्यावरची सत्संगाची ढोलकी, आणि मरता मरता आझमगड. “कोण विव्हळायलंय?” टॉपर घाबरून विचारायचा. “पाचवा एपिसोड,” मी सांगायचो. मग तो म्हणायचा, “फोन चालूच ठेव जरा.”

त्याच्या इमारतीत भाडेकरूंनी आळीपाळीनं जिना झाडायचा असतो. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला तशी पाटी लटकते. श्टुटगार्टच्या बाजूची ही जुनी रीत. तिला म्हणतात ‘केरवोखे’. म्हणजे केर काढायचा आठवडा. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “जर्मन लई सोपं दिसतंय की रं.” टॉपर परदेशात जाऊन केर काढतोय ही बातमी तासाभरात गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सही उतरला. खरं कारण एका पुढाऱ्याचा वाढदिवस होतं, पण ते कोण ऐकून घेतो?

तळमजल्यावरच्या जर्मन आजीबाईंनी मात्र त्याचं झाडणं नापास केलं आणि कोपरे कसे काढायचे ते स्वतः झाडू घेऊन शिकवलं. त्याची तिकडची पहिली ओळख ती. केरामुळे झाली.

जुलैच्या ८ तारखेला मराठीच्या प्रश्नावरून मीरा रोडला मोर्चा निघाला आणि आमचं स्टेशन दिवसभर टीव्हीवर होतं. घरून फोन. “मगाधरनं तुला शोधायलोय टीव्हीत. दिसला न्हाईस.” मला सांगावं लागलं की ऑफिसात मी फोटोकॉपी काढत होतो. आझमगडनं त्या आठवड्यात माझ्याकडून तीन मराठी वाक्यं पाठ करून घेतली. पहिलं होतं ‘मी शिकतोय’. दुसरं ‘हळू बोला, समजतं’. तिसरं त्यानं स्वतःच्या धंद्यातलं निवडलं, ‘साहेब, बॉडी सापडली.’ सप्टेंबरात त्याच तिसऱ्या वाक्यावर त्याला एका मराठी मालिकेत हवालदाराचं काम मिळालं. पाच वेळा मेलेला माणूस अखेर उभा राहिला. आम्ही पावभाजी मागवली आणि त्यानं आयुष्यातला पहिला संवाद गॅलरीत उभं राहून इतक्या वेळा म्हटला की समोरच्या विंगमधून कुणीतरी ओरडलं, “कुठे सापडली ते तरी सांगा!”

दरम्यान मी तापानं दोन दिवस पडून होतो. तिसऱ्या दिवशी डब्यात शिरलो तर कोर्टकाका भडकलेले. “दोन दिवस तुझी चौथी सीट धरून बसलोय. उलट येऊन बसणाऱ्या एका रिटर्नवाल्याशी भांडण झालं तुझ्यापायी. फोन करायला नको?” नंबर कुणाकडेच नव्हता. मग पाच जणांनी पाच मोबाइल काढले. मी नाव सांगायला तोंड उघडलं तोवर सगळ्यांनी सेव्ह करूनही टाकलं होतं: ‘मिरज अंधेरी’. त्या रात्री टॉपरला मी हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्यालाही मागं सर्दी झाली होती, तर कंपनीनं फार चांगला ईमेल पाठवला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी सजवायची असते. हे मला माहीत नव्हतं. झेंडूची तोरणं दादरहून आदल्या संध्याकाळी आली होती, वर्गणी शंभर, विद्यार्थ्याला पन्नास. भाईंदरला गाडी लागल्या लागल्या दहा मिनिटांत दांड्यांना तोरणं, खिडक्यांना आंब्याचे डहाळे, आणि दोन बाकांमधल्या माझ्या त्या मूळ दीड वीत जागेत पाटावर देवीचा फोटो. उंचीमुळे वरची तोरणं मी बांधली. आरतीच्या वेळी मुका वाटणारा माणूस असा काही खड्या आवाजात गायला की बोरिवलीच्या फलाटावर चढणाऱ्यांनी क्षणभर ढकलाढकली थांबवली. क्षणभरच. मग पेढ्यांच्या खोक्यासकट सगळं डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. मी व्हिडिओ टॉपरला पाठवला. त्याच्या गावात त्या दिवसांत मोठी जत्रा होती, कानश्टाटची, बिअरचे तंबू आणि आकाशपाळणे. तिथल्या तंबूत बसून त्यानं आमची आरती कानाला फोन लावून ऐकली. शेजारच्या बाकावरच्या जर्मनांनी काय चाललंय म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं, “माझा मित्र ऑफिसला चाललाय.” त्यांना ते खोटं वाटलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाईंदर पश्चिमेहून बसनं एकटाच उत्तनला गेलो. मुर्धे, राई, मोर्वा; बिल्डिंगा मागे पडतात, मिठागरं लागतात, आणि मग होड्या, क्रूस, बांबूंवर ओळीनं लटकलेले बोंबील. गळ्यात क्रूस घातलेली एक म्हातारी वाटे लावून बसली होती. तिची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी असावी. अर्धी मला कळली नाही.

“कुठला रे?”

“मिरजेचा, मावशी.”

“मीरा रोडचा?”

“नाही, मिरज.”

“त्येच ना,” म्हणून तिनं वर दोन बोंबील जास्तीचे घातले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी ते दुरुस्त करत बसलो नाही.

रात्री सेक्रेटरी चौथा मजला चढून आले. नाकाला रुमाल. मी करार पुढे केला. त्यात सतार होती, नॉनव्हेज शिजवणं होतं. सुका बोंबील खिडकीत टांगणं कुठेच नव्हतं. त्यांनी सगळी पानं दोनदा वाचली. “पुढच्या वर्षीपासून घालतो,” म्हणाले. मग जाता जाता दारात थांबून, आवाज खाली आणून, “पण सतार तू एकदाही वाजवली नाहीस.” त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

नोव्हेंबरच्या अखेरीला इंटर्नशिप संपली. शेवटच्या दिवशी जोगेश्वरी गेल्यावर कोर्टकाका पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, “अरे, तुझं नाव काय?” मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

“मिरजच बरं आहे,” ते म्हणाले. आणि अंधेरी आली.

टॉपर डिसेंबरात परत आला. आता तो आमच्या गल्लीतल्या पायऱ्यांचे कोपरे बघून अस्वस्थ होतो. परवा तो म्हणाला, एकदा मला त्या गाडीत ने. कुठली गाडी, किती वाजताची, हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. ग्रुपची सक्त ताकीद आहे, छापून आलं तर गर्दी वाढेल. व्हॉट्सॲपवरच्या त्या ग्रुपमधून मला कुणी काढलेलं नाही आणि मीही बाहेर पडलेलो नाही. रोज सकाळी मिरजेत चहा पिताना मी मेसेज बघतो. आज गाडी चार मिनिटं लेट होती.